केबिनची वाटणी

“आई, तुझी सोय अगदी मस्त झालीय!” श्रीरंगने क्रूझच्या केबिनची यादी फडकवली.

प्रमिलाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून मुलांनी ही सहल काढली होती. माणसं दहा, केबिन चार. थोरल्या सुनेला बंद जागेत गुदमरतं, म्हणून तिला बाल्कनी मिळाली. थोरलीला बाल्कनी मिळाली की धाकटीला गुदमरतं, म्हणून तिलाही मिळाली. घोरणारे काका कुणालाच नको होते, ते प्रमिलाबाईंच्या नवऱ्याच्या, दामोदररावांच्या गळ्यात पडले. उरलेल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये तिन्ही नातवंडं, आणि त्यांना सांभाळायला प्रमिलाबाई.

“छान बसवलंस रे सगळ्यांना,” त्या म्हणाल्या. “पण आम्ही दोघं येत नाही. चार दिवस हे रिकामं घर आम्हाला पुरेल.”

दोन्ही सुना एकदमच ओरडल्या, “अहो आई, मग मुलांकडे कोण बघणार?”

लग्नाच्या वाढदिवसाचं काय, हे मात्र कुणाच्याच तोंडून निघालं नाही.

जहाज ठरल्या दिवशी सुटलं. वाढदिवसाला दुपारी श्रीरंगचा फोन आला. मागे तिन्ही मुलं भोकाड पसरून रडत होती.

“आई, ही ऐकतच नाहीत गं! काय करू?”

सगळं स्वच्छ ऐकू येत असताना प्रमिलाबाई म्हणाल्या, “हॅलो? आवाज तुटतोय रे,” आणि त्यांनी फोन बंद केला.

दामोदरराव चपला घालून दाराशी उभे होते.

“चला,” त्या म्हणाल्या, “नाटकाची तिसरी घंटा व्हायच्या आत पोचू.”