सोजरबाईचे हात

नाळेतला ठोका थांबला होता. ती पांढरट, ढिली दिसू लागली होती. तिच्या एका टोकाला नुकतीच पडलेली वार, दुसऱ्या टोकाला ओली पोर. दोन्ही पोत्यावर पडून होत्या. पौषातला गारठा होता. पोरीचं रडणं बारीक होत चाललं होतं आणि ओठ निळसर दिसत होते.

सोजरबाई सुईण हे सगळं पाहत होती. पण तिचे हात बाळंतीण महादेवीच्या पोटावर होते. वार पडूनही रक्त थांबत नव्हतं. गर्भाशय हाताखाली मऊ लागत होतं. चोळलं की आवळायचं, हात ढिला पडला की पुन्हा सैल व्हायचं. महादेवीचा नवरा चन्नवीर गाडी जुंपायला गेला होता. पण होटगीवरून सोलापूरचा दवाखाना गाठेपर्यंत संध्याकाळ झाली असती.

महादेवीची सासू ईरम्मा उंबऱ्याबाहेर उभी होती. तिच्या हातात मऊ लुगड्याचं धडपं होतं, पण ती आत येत नव्हती. रीतच तशी होती. नाळ मांगवाड्यातल्या सुइणीनं कापायची, आणि ती कापेपर्यंत लेकराला घरातल्या कुणी शिवायचं नाही. काम झालं की सुइणीनं मागच्या दारानं जायचं. तिच्या मागं खोलीत गोमूत्र शिंपडायचं.

आधी लेकराची नाळ काप, सुनेचं मग बघ, असं ईरम्मा म्हणाली.

सोजरबाईनं हे याच खोलीत पूर्वी ऐकलं होतं. तेव्हा पोत्याशेजारी ईरम्माची थोरली सून चन्नम्मा बाळंत होऊन पडली होती, आणि तिचंही रक्त थांबत नव्हतं. सोजरबाईनं पोटावरचा हात काढला, नाळ कापली, लेकरू पुसलं. लेकरू जगलं. चन्नम्मा गेली. मांगिणीचा हात वाईट, असं गाव म्हणालं. आधी नाळ कापायला कुणी सांगितलं, ते सोजरबाईनं गावाला सांगितलं नाही. तिचा नवरा ईरम्माच्याच रानात कामाला होता. त्या दिवशी तिनं मनाशी एक गोष्ट बोलायची ठरवली आणि नंतर दर बाळंतपणाला ती गिळली.

आज तिनं हात काढला नाही.

"अव्वा, आत या. वारंसकट पोरीला उचला, पुसा, छातीशी धरा."

"मी? नाळ कापायच्या आदी?"

"लिंग बांधल्यावर सूतक लागत न्हाय म्हनता की तुमी. मग भ्या कशाचं?"

ईरम्मा लिंगायत; तिचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला. महादेवीनं मान वळवून सासूकडे पाहिलं. पोरीचं रडणं थांबलं, तशी ईरम्मा आत आली. तिनं पोरीला धडप्यात घेतलं, पाठ चोळली, पदराखाली धरलं. थोड्या वेळानं पदराखालून मोठ्यानं रडणं ऐकू आलं.

सोजरबाई पोट चोळत राहिली. गर्भाशय हळूहळू घट्ट झालं, चेंडूसारखं हाताला लागू लागलं. रक्त ओसरलं. महादेवीनं पाणी मागितलं. सोजरबाईनं पोटावरचे हात उचलले.

ईरम्मानं धडप्यात गुंडाळलेली पोर आईच्या कुशीत ठेवली. नाळ तशीच होती. मग ती उंबऱ्याबाहेर गेली, हात धुतले, आणि नेहमीच्या मायेनं म्हणाली की दोघींना वाचवलंस, ह्या येळंला इरकल लुगडं घेते तुला.

"आता हात मोकळं झालं की, सोजरे. काप नाळ."

सोजरबाईनं नाळेला दोन जागी दोरा बांधला. गाठी ओढून पाहिल्या. उकळत्या पाण्यातून पातं काढलं आणि उंबऱ्याकडे धरलं.

"बाळंतपणाला मी येईन, अव्वा, कवाबी बलवा. नाळ मातर आजपासनं ज्येच्या घरचं लेकरू त्येनंच कापायची."