आजार सुरू झाल्याची तारीख

दवाखान्याच्या जिन्यात तिने सहा वर्षांच्या लेकीची शेवटची उजळणी घेतली.

"डॉक्टरांनी विचारलं, पोट कधीपासून दुखतंय, तर?"

"कालपासून. पण तूच म्हणतेस ना, खोटं बोलायचं नाही?"

"हे खोटं नाही गं राणी. हा फॉर्म आहे."

पोट दोन महिने दुखत होतं आणि आरोग्य विमा काढून जेमतेम महिना झाला होता. आधीपासूनच्या दुखण्याला कंपनी हात लावत नाही, हे भाऊजींनी चारचारदा बजावलं होतं.

आत म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोट दाबलं, तशी पोरगी कळवळली. पण विचारल्यावर खणखणीत म्हणाली, "कालपासून!"

डॉक्टरांनी फॉर्मवर कालची तारीख घातली, फॉर्म बाजूला सारला आणि ते आईकडे वळले.

"ताई, सकाळपासून हे नववं मूल. नऊच्या नऊ जणांना कालपासूनच होतंय! दुखणं कधी सुरू व्हावं, हेही आता कंपनी ठरवणार आणि मी अंदाजाने औषधं देत बसणार." त्यांचा चढलेला आवाज एकदम खाली आला. "गेल्या आठवड्यात असंच एक कालचं दुखणं मी गोळ्या देऊन घरी पाठवलं. ते पोर आज आयसीयूत आहे. कंपनीसाठी लिहून झालं. आता मला सांगा, कधीपासून?"

तिला हुंदका आवरेना. "दोन महिने झाले, डॉक्टर."

"आई," लेक घाबरून तिच्या कानाशी कुजबुजली, "चुकलीस ना गं!"