नंबरप्लेटचा तुकडा

पहिला बोल्ट.

"प्रदर्शनात दोन गुण कापतील," लेन म्हणाला. "परीक्षक खाली वाकून बघतात, मार्ला. लांब दांडीचे आरसे घेऊन येतात."

"कापू देत."

ती गाडीखाली, पाठीखाली पुठ्ठा. बाप, लेन, बाहेर घडीच्या खुर्चीत. तिला दिसत होते फक्त त्याचे बूट, आणि बूटही फुरंगटलेले. गाडी सत्तर सालची शेवेल, चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली. दांडा भंगारातला. तीन भंगारवाडे पालथे घालून चौथ्यात, जळक्या ब्युइक गाडीखालून तिनं स्वतः सोडवलेला. अंगठ्याएवढा जाड, मागच्या दोन चाकांच्या मधला, वळणावर गाडीला झुकू न देणारा. मागचा आस धरणारे दोन बाजूंचे दोन आर्म, चार बोल्ट. अर्ध्या दुपारचं काम.

"कारखान्यातून ही गाडी दांड्याशिवाय आली. जशी आली तशी ठेवलीय मी. बावीस वर्षं. एक स्क्रू बाहेरचा नाही."

"कर्टच्या गुडघ्यात सहा आहेत. सगळे बाहेरचे."

बूट हलले.

"तो वेगात होता," बूट म्हणाले.

दुसरा बोल्ट. नाही, अजून पहिलाच. आटा धरत नाही.

आठ महिने हेच एक वाक्य. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हेच, चर्चच्या पायरीवर हेच, खुद्द कर्टच्या तोंडावर हेच. मिल हिलच्या वळणावर पोरगा वेगात होता. हीच गाडी बाहेर फेकली गेली, नाल्यात गेली, आणि कर्टचा पाय स्टिअरिंगखाली. कर्टनं, तिच्या भावानं, एकदाही नाही म्हटलं नव्हतं. त्याचा पाय तारांत टांगलेला असताना या माणसानं अकरा रविवार गाडीचा पत्रा ठोकून सरळ केला होता. हॉस्पिटलात गेला तीनदा. सोमवारपासून कर्ट पुन्हा ही गाडी चालवणार म्हणाला, तेव्हा मार्लानं सांगून टाकलं: दांडा बसेल, नाहीतर किल्ल्या माझ्या खिशात.

"डावीकडे फट राहील बघ," लेन म्हणाला. सवयीनं. चुकीचं काम त्याला रागातही बघवत नसे. "चकत्या घाल. नाहीतर आवळलास की आर्मच चेपेल."

"माहितीय मला."

फट चाचपायला तिनं आर्मच्या पोकळीत बोट घातलं. जुनं ग्रीस. ग्रीसमध्ये काहीतरी चिकटलेलं. नखानं ओढलं.

पत्र्याचा चौकोन, मधे भोक, कडा कानशीनं गोल केलेल्या. तिनं शर्टाला पुसला. निळ्या आकड्याची शेपटी दिसली. सात असेल, किंवा नऊ.

जुन्या नंबरप्लेटा कापून चकत्या करणारा या अख्ख्या काउंटीत एकच माणूस, कर्ट. सरकारी पत्रा, ताई, जन्मात गंजत नाही, म्हणायचा.

तिनं विजेरी आर्मवरच्या बोल्टच्या भोकाकडे वळवली. काळा रंग नवा होता. रंगाखाली बोल्टच्या डोक्याचा गोल ठसा. चारही भोकांपाशी.

तिसरा, चौथा, कुठले बोल्ट! ती पाठीवर सरकत बाहेर आली.

"डॅड, इथं आधी दांडा होता."

लेननं तिच्या तळहातावरचा तुकडा बघितला. टोपी काढली, परत घातली.

"माझ्या गाडीला," तो म्हणाला. "मला न विचारता बसवला होता त्यानं."

"आणि तू काढलास."

"शनिवारी. रविवारी प्रदर्शन होतं. चारही बोल्ट काढले, रंग मारला. एक चकती राहिली असेल."

"आणि कर्टला—"

"सांगणार होतो. प्रदर्शन उरकलं की."

"मंगळवारी गेला तो वळणावर."

"वार माहितीय मला!"

"वेगात होता म्हणे!" पाना तिच्या मुठीत होता आणि मूठ पांढरी पडली होती. "अरे, रोजच्याच वेगात होता तो. रोज जिथं वळायचा तिथंच वळला. गाडी तीच आहे असं समजून! आणि तू आठ महिने, देवाच्या दारात उभा राहून, पोराला... तो पंगू झाला आणि वर गुन्हेगारही तोच?"

"आता बोलून पाय का सरळ होणारेय त्याचा?"

"पायासाठी नाही सांगत. घरात जा, कर्टला सांग. तू बोलल्याशिवाय मी एक बोल्ट आवळणार नाही. नाहीतर मीच जाते. आणि मी सांगेन ना, ते तुला सांभाळून नाही सांगणार."

तो उठला. खुर्ची कलंडली, त्यानं उचलली नाही.

ती पुन्हा गाडीखाली जाऊन पडली. करायला काही नव्हतं, पण बाहेर उभं राहवत नव्हतं. जाळीचं दार आपटलं. आत बेसबॉलचा सामना चालू होता. आता कर्ट ओरडेल. आता बशी फुटेल. फुटावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

काहीच फुटलं नाही.

बूट परत आले. फार लवकर आले.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"त्याला माहीत होतं." लेनचा आवाज कुठून तरी वरून येत होता. "गाडी कलली तेव्हाच कळलं म्हणाला. दांडा नाही ते."



"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"मीही तेच विचारलं."

"डॅड, काय म्हणाला तो?"

"म्हणाला, तू कधी बोलतोस ते बघत होतो." बूट एकमेकांजवळ सरकले. "आणि टीव्हीचा आवाज वाढवला."

आता तिलाही तो ऐकू येत होता. समालोचक, गर्दी, शिट्ट्या. उघड्या खिडकीतून अंगणात, अंगणातून गाडीखाली. आवाज आणखी वाढला. मग आणखी.