फायलीखालचे पुस्तक

महाविद्यालयात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी पर्यावरणाचे एक पुस्तक निवडायचे होते. टेबलावर चार होती. पाचवे प्राचार्यांनी फायलीखाली सरकवलेले संस्थेच्या अध्यक्षा सुमित्राबाईंना दिसले.

"ते इकडे द्या."

"काकीसाहेब, मुलांना जड जाईल ते."

सुमित्राबाईंनी ते उघडले. त्यांच्याच साखर कारखान्याचे मळीचे पाणी नदीत कसे सोडले जाते, हे त्यात तारीखवार लिहिले होते. कारखाना आता त्यांचा मुलगा चालवीत होता. त्या उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत येऊन तेच पान पुन्हा वाचू लागल्या.

"आपली मुले कोणत्या गावांची?"

"बहुतेक नदीकाठचीच."

"मग त्यांना कसले जड? हेच मागवा. आणि ही प्रत आजच आमच्या चिरंजीवांकडे पाठवा. वाचून झाल्याखेरीज माझ्या पंक्तीला बसू नये, म्हणावे."