चाळिसातली एक

आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन अर्जुनराव यांनी शर्यतीच्या मोटारीचं इंजिन असलेली गाडी आणली. जगात अशा चाळीसच आहेत म्हणे. त्यातली एक आमच्या वाडीच्या पहिल्याच खड्ड्यात बुड टेकून बसली. पंडितनं उसाच्या गाडीची बैलं सोडून तिला जुंपली, तेव्हा कुठं हलली.

याच खड्ड्यात, अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेता नेता, विमलबाईची सून जीपमध्येच बाळंत झाली होती. त्या रस्त्यासाठी आम्ही अकरा वर्षं अर्ज दिले, पण निधीच नव्हता. साहेबांच्या गाडीचं बुड खरचटलं आणि आठ दिवसांत डांबर पडलं.

उद्घाटनाचा मांडव तलावाच्या काठी होता. तलाव तीन वर्षं कोरडा. साहेब भलतेच खुशीत होते. म्हणाले, "रस्ता तर दिला. आता पाण्यासाठी काय करायचं, ते तुम्हीच सांगा."

विमलबाई पदर सावरत उठली.

"लई काही न्हाई साहेब. तुमी फकस्त एक होडी घ्या."