सगळ्यांना बसणारं माप

संगणकाच्या पडद्यावरच्या साऱ्या रेघा एकावर एक बसल्या, आणि चिमटीने न उघडलेला डबा बाजूला सारला.

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटी म्हणत, कारण धातूचे पापुद्रे उचलायचा चिमटा तिच्या हातून सुटत नसे. आताही तो हातातच होता आणि उगाच उघडझाप करत होता. खाली सभागृहात खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. थोड्याच वेळात तिचे मार्गदर्शक सर तिथे जाहीर करणार होते, की त्यांच्या अतिवाहक, म्हणजे विनारोध वीज वाहू देणाऱ्या पापुद्र्यात, निरपेक्ष शून्याच्या, थंडीच्या शेवटच्या टोकाच्या उंबरठ्यावर, चुंबकाचा जोर एका आकड्यापलीकडे गेला की पदार्थ आपला स्वभावच बदलतो, वीज वाहू देणारा ती अडवू लागतो. उष्णतेने नव्हे, पुंजभौतिकीच्या नियमाने. सरांची हयात आणि चिमटीचा प्रबंध, दोन्ही त्या एका वाक्यावर उभे होते.

पुरावा असा: चुंबकाचा जोर बदलत विजेचा रोध मोजायचा, प्रत्येक जोराची एक रेघ काढायची. मग दोन आकडे असे निवडायचे, की त्या मापाने ताणल्या-आवळल्यावर साऱ्या रेघा एकीत मिसळून जाव्यात. मिसळल्या, की स्वभाव बदलला हे सिद्ध. या शास्त्राचा तसा रिवाज होता, आणि रिवाजाला कुणी कारण विचारत नाही.

चिमटीने विचारलं, तेही जेवणाच्या सुट्टीत, जेव्हा शहाणी माणसं जेवतात. तिने एका साध्यासुध्या सूत्रावरून खोट्या रेघा काढल्या. स्वभाव बदलणं सोडाच, कूसही न बदलणारा पदार्थ. त्याच दोन आकड्यांच्या खुंट्या पिळल्या. रेघा गुपचूप एकीत मिसळल्या.

सर आले. नवा शर्ट, पट्टा एक भोक पुढे ओढलेला. पडदा पाहून त्यांचा चेहरा उजळला. हेच चित्र शेवटी लावू, म्हणाले. इतकं देखणं आपलं कधी आलं नव्हतं, आणि तू वर्षभर उगीच रडत होतीस.

"सर, हे आपलं नाही," चिमटी म्हणाली. "हे मी बनवलंय. यात काहीच घडत नाही."

सरांनी शेजारचं खरं चित्र पाहिलं. मग हे. मग पुन्हा ते. अजून थंड करून मोजून बघ, असं म्हणता म्हणता ते स्वतःच थांबले. यंत्र त्याहून थंड होत नाही, हे दोघांनाही पाठ होतं. मोजलेलं वीतभर, दावा कोसभर.

"म्हणजे आपलं चूक?"

"तसंही नाही सर. बरोबर असेलही. पण हे चित्र ते सांगू शकत नाही. इलॅस्टिकच्या चड्डीवरून चोर ओळखण्यातला प्रकार आहे. ती कुणालाही बसते."

सरांचा हात नकळत पट्ट्याकडे गेला. खाली कुणीतरी माइक ठोकत होतं. सरांनी खिडकी उघडली, लावली, परत उघडली. तुझ्या प्रबंधाचं काय होईल याची कल्पना आहे ना, असं त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं. आहे, ती म्हणाली. म्हणूनच घास उतरला नाही.

"दोन्ही चित्रं घे," सर शेवटी म्हणाले. "आणि त्यांवरची नावं पुसून टाक."

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेच्या मधोमध संस्थेचे संचालक होते, आणि ते हसले की रांग हसत होती. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि यातला कुठला पदार्थ स्वभाव बदलतो, एवढंच विचारलं. चिमटी दाराशी उभी होती.

"उजवा," संचालक म्हणाले. "आंधळ्यालाही दिसेल. अभिनंदन." त्यांनी टाळीसाठी हात उचलले. रांगेनेही उचलले.

"मीही उजवाच निवडला होता," सर म्हणाले. "तो आमच्या या मुलीने जेवणाच्या सुट्टीत बनवलाय."

हात हवेतच राहिले. मग संचालकांनी आपले हळूच मांडीवर ठेवले. आणि साऱ्या रांगेचे हात, एकापाठोपाठ एक, नेमके त्याच मापाने खाली आले.