विषयांतर

"मुलाखतींची रेकॉर्डिंग कायमची नष्ट केली आहेत. इथे सही करा," शेवटच्या फॉर्मवरची ओळ वाचून दाखवत विभागाच्या क्लार्कने तो पुढे सरकवला.

तिने सही केली. बांधून आणलेल्या प्रबंधाच्या तीन प्रती टेबलावर पडल्या होत्या. दोन वर्षं जीव काढला होता याच्यासाठी, आणि आता बघा, आनंद नाही की काही नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला वाटेनासा होतो ना, तसं तिचं अख्ख्या अंगाचं झालं होतं.

"खरंच नष्ट केलीत?" क्लार्कने शिक्का शोधता शोधता विचारलं.

"हो, सकाळीच. बेचाळीसच्या बेचाळीस."

"धन्य आहे तुमची! अहो, इथे सगळे नुसती सही ठोकतात."

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, अंगावर बस ड्रायव्हरचा गणवेश, हातात चार घड्या घातलेला कागद. "एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना सरकारी मदत मिळते का, असा अभ्यास करणाऱ्या मॅडम इथेच का?"

"मीच," ती म्हणाली.

त्याने कागद उलगडला. मुलाखतीआधी तिने प्रत्येकाकडून भरून घेतलेलं संमतीपत्र. त्याची एक प्रत ती सगळ्यांना द्यायची. जपून कुणी ठेवेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"आई गेली माझी. अठरा दिवस झाले. खोली आवरताना हे सापडलं," तो म्हणाला. "यात लिहिलंय, मुलाखत रेकॉर्ड करणार म्हणून. मला तिचा आवाज हवाय हो. फोटो आहेत, आवाज कुठेच नाही. फोन केला की 'जेवलास का?' विचारायची, मग 'बरं, ठेव' म्हणायची. तेवढं कोण रेकॉर्ड करून ठेवतंय?"

क्लार्क एकदम खाली बघून शिक्का पुसायला लागला.

"रेकॉर्डिंग नाहीये आता," ती म्हणाली. "पुसून टाकलं. तसा नियम आहे."

"कधी?"

"आज सकाळी."

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा वाजले होते. "काल येणार होतो," तो म्हणाला. "रजा नाही मिळाली." मग तिच्याकडे वळून, "पुसलेलं परत आणतात म्हणे, मोबाइलच्या दुकानात?"

"परत येणार नाही असंच पुसायचं असतं."

हे आपल्याच तोंडून ऐकून तिला लाज वाटली. पण ती लाजसुद्धा लांबून आल्यासारखी, दुसऱ्याच कुणाची तरी.

"पण लिहून काढलेलं आहे माझ्याकडे," ती घाईघाईने म्हणाली. "शब्दन् शब्द." तिने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला, संमतीपत्रावरचा क्रमांक पाहून त्यातली सात पानं वेगळी केली आणि त्याला खुर्ची दिली.

पहिल्या पानावर नाव नव्हतं. 'सहभागी क्रमांक नऊ' एवढंच. "ही आई?" त्याने विचारलं. तिने मान हलवली.

ओळीखाली बोट ठेवून तो वाचायला लागला. वाचता वाचता मोठ्याने हसला. "हे बघा! 'कागद आणा म्हणतात. नेला की दुसरा आणा म्हणतात. माझ्या घरात काय कागद उगवतात?' हीच! हीच ती!"

क्लार्कही हसला. तिलाही जरा बरं वाटलं. आवाज नाही तर नाही, निदान हे तरी देता आलं.

चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं. "हे काय लिहिलंय? 'विषयांतर. अकरा मिनिटे. गाळले.'"

"प्रश्न सोडून बोलणं गेलं की तेवढं उतरवून घेत नाहीत," ती म्हणाली. "मदतीबद्दलचं नव्हतं ते."

"मग कशाबद्दलचं होतं?"

ती आठवायला लागली. खिडकीत वाळत घातलेला टॉवेल आठवला. मांडीवरची वही आठवली, पुढच्या प्रश्नावर दाबून धरलेलं स्वतःचं बोट आठवलं. म्हातारीचे ओठ हलताना आठवले. शब्द एकही आठवेना.

"माझ्याबद्दल होतं का?" त्याने हळूच विचारलं.

'हो' म्हणायला काय जात होतं? खरं-खोटं बघायला कोण बसलंय? शब्द अगदी जिभेवर आला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी ऐकत नव्हते."

तो चिडला नाही. चार शब्द सुनावले असते तर तिला सोसलं असतं. तो नुसता त्या ओळीकडे बघत राहिला.

"अकरा मिनिटं," तो म्हणाला. "सलग?"

"सलग."

"माझ्याशी एवढं कधी बोलली नाही ती."

क्लार्कने तिन्ही प्रतींवर धाडधाड शिक्के मारले. "घ्या मॅडम, झालं जमा! सुटलात एकदाच्या!" मग दोघांकडे पाहून त्याने शिक्का हळूच खणात ठेवला.

ड्रायव्हर उठला. बारा पाचची गाडी काढायची होती त्याला. "यातलं एक पान नेऊ का?"

"एक कशाला, सगळीच न्या ना."

त्याने सहा पानं जुळवून टेबलावर ठेवली. ज्या पानाने त्याला हसवलं होतं, तेही त्यातच होतं. ती ओळ असलेलं चौथं पान तेवढं त्याने घडी करून गणवेशाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

"बाकीचं राहू द्या," तो म्हणाला. "ते तुमच्या कामाचं आहे."